वेल्समधली मठांची शेती पाहायची तर कुठे जावं : टिंटर्न, स्ट्राटा फ्लोरिडा की मार्गम?

वेल्समध्ये दोन दिवस मोकळे मिळाले आणि मध्ययुगीन मठ पाहायचं ठरलं, की बहुतेक जण थेट टिंटर्न गाठतात. वाय नदीच्या काठावरचं ते छप्पर नसलेलं भव्य चर्च सगळ्यांनी फोटोत पाहिलेलं असतं. जाऊ नका असं मी मुळीच म्हणणार नाही. पण तुम्हाला भिंतींपेक्षा जमिनीत रस असेल, मठवासीयांनी मेंढ्या कुठे चारल्या, दलदल कशी कोरडी केली, मासे कसे धरले हे प्रत्यक्ष पाहायचं असेल, तर निवड नीट विचार करून करायला हवी. मी तीन ठिकाणं समोर ठेवते : दक्षिण-पूर्वेचं टिंटर्न आणि त्याची समुद्रकाठची जमीन, मध्य वेल्सच्या डोंगरातलं स्ट्राटा फ्लोरिडा, आणि दक्षिण किनाऱ्यावरचे मार्गम व नीथ हे शेजारी मठ.

हे चारही मठ सिस्टर्शियन पंथाचे. 1098 मध्ये फ्रान्समधल्या सितो इथे सुरू झालेल्या या पंथाचा सुरुवातीचा नियम कडक होता : वस्तीपासून दूर राहायचं, कुळांच्या खंडावर जगायचं नाही, स्वतःच्या श्रमाने पिकवायचं. पण दिवसातून अनेकदा प्रार्थनेला उभं राहणाऱ्या माणसांनी शेकडो एकर कसायचे कसे? त्यासाठी त्यांनी श्रमबंधूंचा वेगळा वर्ग उभा केला. त्यांनीही व्रतं घेतलेली असत, पण त्यांचा दिवस नांगर, मेंढ्या आणि गिरणी यांत जाई. मठापासून दूर असलेल्या जमिनीवर त्यांच्यासाठी वाडी बांधली जाई. तिला ग्रेंज म्हणत. ती मठापासून दिवसभरात चालून पोहोचता येईल इतक्याच अंतरावर असावी, असा दंडक होता. कोठार, गोठे, मेंढवाडा, लहानसं प्रार्थनागृह आणि भोवती कुंपण किंवा चर, अशी तिची घडण. वेल्सच्या नकाशावर ‘ग्रेंज’ किंवा ‘मनाख’, म्हणजे मठवासी, असलेलं गावाचं वा शेताचं नाव दिसलं, की तिथे असं काहीतरी असण्याची शक्यता बरीच असते.

हे सगळं गोडीगुलाबीने चाललं असं मात्र समजू नका. 1206 मध्ये मार्गमच्या श्रमबंधूंनी बंड केलं, मठाधिपतीला पळवून लावलं आणि मठवासीयांचं अन्न अडवून धरलं. पंथाने आपल्या वाड्यांसाठी गावंच्या गावं उठवली, अशी तक्रार त्या काळच्या लेखकांनी करून ठेवली आहे. आज आपल्याला जी शांत, मोकळी कुरणं दिसतात त्यांतल्या काहींच्या मुळाशी असं विस्थापनही असेल. ही ठिकाणं पाहताना मला ते विसरता येत नाही.

टिंटर्न : भिंती डोळ्यांसमोर, शेती लांब

टिंटर्नची स्थापना 1131 ची. वेल्समधला हा पहिला सिस्टर्शियन मठ. आज दिसतं ते मोठं चर्च नंतरचं, 1269 पासून नॉर्फोकचा अर्ल रॉजर बिगॉड याच्या मदतीने उभं राहिलेलं. इमारत म्हणून बाकीचे मठ याच्या जवळपासही येत नाहीत. गेली काही वर्षं भिंतींच्या दगडाची मोठी दुरुस्ती चालू आहे, त्यामुळे निघण्याआधी आत किती भाग खुला आहे हे काडूच्या, म्हणजे वेल्सच्या पुरातत्त्व खात्याच्या, संकेतस्थळावर पाहून घ्या.

अडचण वेगळीच आहे. मठासमोर उभं राहिलात तर शेती दिसत नाही. दरी अरुंद, दोन्ही बाजूंना दाट जंगल. पलीकडच्या, इंग्लंडच्या तीरावर चढून ‘डेव्हिल्स पल्पिट’ नावाच्या कड्यावर गेलात, की नदीच्या वळणात बसवलेला मठ आणि त्याभोवतीचा हिरवा तुकडा दिसतो. तेवढ्यावरून लक्षात येतं की इतक्या माणसांचं पोट या दरीवर भरणं शक्य नव्हतं. मठाच्या वाड्या वर पठारावर, नदीपलीकडे ग्लॉस्टरशरमध्ये आणि सगळ्यात महत्त्वाच्या म्हणजे सेव्हर्नच्या खाडीकाठी होत्या.

म्हणून टिंटर्न निवडलंत तर दुसरा दिवस मेगर गावाभोवतीच्या ग्वेंट लेव्हल्सला द्या. कोकणातली खाजणं पाहिलेल्या माणसाला इथे फारसं समजावून सांगावं लागत नाही : समुद्राच्या बाजूला बांध, आत चरांचं जाळं, आणि ओहोटीला पाणी बाहेर सोडून भरतीला बंद होणाऱ्या उघाड्या. फरक आहे तो पाण्याच्या ताकदीचा. सेव्हर्नच्या मुखाशी भरती-ओहोटीत 14 मीटरपर्यंत फरक पडतो. जगातल्या सर्वांत मोठ्या भरतींपैकी ही एक. पहिले बांध रोमन काळातले. मध्ययुगात ही जमीन पुन्हा समुद्राकडून मिळवली गेली, आणि त्यात सरदारांबरोबर मठांचाही हात होता. मेगरजवळची मूर ग्रेंज आणि मर्थरगेरिन या टिंटर्नच्या वाड्या. इथल्या चरांना ‘रीन’ म्हणतात. उन्हाळ्यात फळ्या लावून त्यांत पाणी धरून ठेवतात, म्हणजे तोच चर गुरांचं कुंपणही होतो आणि पाणवठाही. हे आजही चालू आहे. मध्ययुगीन शेतीचा इतका जिवंत भाग मी वेल्समध्ये दुसरीकडे पाहिलेला नाही.

तो दिसायला मात्र साधा आहे. सपाट शेतं, पाण्याच्या रेघा, झुडपं आणि दूरवर महामार्गाचा आवाज. याच सपाटीवरून नवा एम-4 वळणरस्ता जाणार होता. वेल्स सरकारने 2019 मध्ये तो नामंजूर केला आणि हे जाळं वाचलं. मला त्याचा मनापासून आनंद वाटतो. मेगर मार्शच्या राखीव भागात लाकडी वाटेवरून चालत गेलात, तर बांध घालण्याआधी ही जमीन कशी होती याचा अंदाज येतो.

स्ट्राटा फ्लोरिडा : भिंती थोड्या, शेत अखंड

वेल्श नाव अस्त्राद फ्लिर. 1164 मध्ये नॉर्मन सरदार रॉबर्ट फिट्झ स्टीफन याने मठ स्थापला, आणि पुढच्याच वर्षी हा मुलूख जिंकणारा वेल्श राजा रीस आप ग्रिफिथ त्याचा आश्रयदाता झाला. काही वर्षांनी मठ आत्ताच्या जागी, टायवी नदीच्या वरच्या खोऱ्यात आला. टिंटर्न नॉर्मन सरदारांचं, तर हे वेल्श राजघराण्यांचं. 1238 मध्ये उत्तर वेल्सच्या थोरल्या लीवेलिन राजाने आपला मुलगा डाव्हिद याच्याशी निष्ठेची शपथ घ्यायला वेल्सच्या राजांना इथेच बोलावलं.

इमारतीचं काय उरलंय? एक देखणी पश्चिमेकडची कमान, पायाच्या ओळी, छपराखाली जपलेल्या नक्षीदार फरश्या. टिंटर्न डोळ्यांत साठवून इथे आलात तर पहिली दहा मिनिटं निराशेची जातील, हे आधीच सांगते. मग कमानीतून मागे नजर टाका. डोंगरउतार, दगडी कुंपणं, ओढा आणि मठाला अगदी खेटून असलेलं मनाख्लोग वौर हे शेतघर. नावाचा अर्थच ‘मोठा मठ’. मठ 1539 मध्ये बंद झाला, पण त्याच जागेवर शेती चालूच राहिली. इथल्या जमिनीचा अभ्यास विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी अनेक वर्षं केला आहे, आणि शेतघराच्या जुन्या इमारती आता एका विश्वस्त संस्थेकडे आहेत. मठाची शेती कशी चालत होती हे समजून घेण्यासाठी या तिघांत मला हीच जागा सर्वांत मोलाची वाटते.

कारण इथे एका दिवसात मठाचा सगळा पसारा डोंगरापासून समुद्रापर्यंत पाहता येतो. वर टायवीची उगमतळी. 1530 च्या दशकात इंग्रज प्रवासी जॉन लीलंड इथे आला, तेव्हा त्याने या तळ्यांतल्या ट्राउट आणि वाम माशांची नोंद केली. त्याचीच दुसरी नोंद मला जास्त अस्वस्थ करते. या भागातल्या डोंगरांवर पूर्वी भरपूर झाडी होती, आता जवळपास काही उरलेलं नाही, असं तो लिहितो, आणि कारणंही देतो : तोडलेली झाडी पुन्हा वाढू दिली नाही, कोवळे कोंब शेळ्यांनी खाल्ले, आणि चोरांना लपायला जागा मिळू नये म्हणून मोठी रानं मुद्दाम तोडली. म्हणजे आज ज्याला आपण ‘मध्य वेल्सचं मोकळं निसर्गसौंदर्य’ म्हणतो, ते उघडे डोंगर बऱ्याच अंशी माणसाने आणि जनावराने घडवलेले आहेत.

खाली कॉर्स कॅरन ही विशाल पाणथळ, फळ्यांच्या वाटेवरून फिरण्याजोगी. उत्तरेला कुम अस्टविथची डोंगराळ चराई. तिथून जवळ डेव्हिल्स ब्रिज या जागी एकावर एक तीन पूल आहेत; सर्वांत खालचा मध्ययुगीन पूल या मठवासीयांनी बांधला असं परंपरा सांगते, आणि गावाचं वेल्श नाव ज्या ओढ्यावरून आलं तो ओढाही ‘मनाख’च. पूर्वेला डोंगरांतून ॲबीकुमहिरच्या मठाकडे जाणारी ‘मंक्स ट्रॉड’ ही जुनी वाट अजून आहे. ती अख्खी चालायची तर नकाशा वाचता यायला हवा आणि बूट चिखलातून निघतील असे हवेत. मधल्या दलदलीत वाट जागोजागी हरवते. पश्चिमेला कार्डिगनच्या उपसागरावर अबरआर्थला मठाच्या मासेमारीच्या दगडी भिंती आहेत. त्यांच्याकडे शेवटी येते.

मेंढ्यांच्या आकड्यांकडे पाहिलं तर मात्र उलटं चित्र दिसतं. 1291 च्या चर्चच्या करनोंदीत मार्गमकडे 5,285, नीथकडे 4,897, टिंटर्नकडे 3,264 आणि स्ट्राटा फ्लोरिडाकडे 1,327 मेंढ्या आहेत. डोंगरातल्या मठाच्या मेंढ्या सर्वांत कमी! ही करासाठी केलेली नोंद असल्याने आकडे तंतोतंत मानू नयेत, पण दर्जाचा फरकही होताच. फ्लॉरेन्सच्या पेगोलोत्ती या व्यापाऱ्याने 14व्या शतकात लिहून ठेवलेल्या भावांत टिंटर्नच्या उत्तम लोकरीला पोत्यामागे 28 मार्क (तेव्हाचं हिशेबाचं चलन) मिळत होते, आणि हा यादीतल्या सर्वांत चढ्या भावांपैकी एक. मठांच्या श्रीमंतीचा माग काढायचा असेल तर सपाटीकडे जावं लागतं, डोंगराकडे नाही.

मार्गम आणि मंकनॅश : अर्ध्या दिवसाचा सौदा

मार्गम 1147 चा, ग्लॉस्टरचा अर्ल रॉबर्ट याने स्थापलेला. वीसहून अधिक वाड्या, शिवाय 13व्या शतकात दगडी कोळसा काढण्याचे हक्क. चर्चचा मुख्य भाग अजून वापरात आहे, शेजारी जुन्या कोरीव क्रूसशिळांचं छोटं संग्रहालय आहे. वाड्या मात्र शोधाव्या लागतात. काही किनाऱ्यावर सरकत आलेल्या वाळूखाली गेल्या. त्याच वाळूने शेजारचं केनफिग गावही गिळलं. मठाच्या सखल कुरणांवर पोर्ट टॅलबॉटचा पोलाद कारखाना उभा राहिला, आणि 1951 मध्ये सुरू झालेल्या त्या भागाचं नावच ॲबी वर्क्स. हा कारखाना 2007 पासून टाटांकडे आहे, आणि त्याच्या उरलेल्या दोन झोतभट्ट्या 2024 मध्ये बंद झाल्या. मेंढ्या, कोळसा, पोलाद या क्रमाने एकाच जमिनीचा 900 वर्षांचा इतिहास पाहायचा असेल, तर मार्गमच्या मागच्या टेकडीवर चढा. तसं दृश्य बाकी दोन्ही ठिकाणी मिळणार नाही.

पण या पट्ट्यातली खरी मेजवानी मंकनॅशला आहे, आणि ती मार्गमची नाही, नीथ मठाची. ग्लॅमॉर्गनच्या किनाऱ्यावरच्या या गावात मध्ययुगीन वाडीचा आराखडा गवताखाली उंचवट्यांच्या रूपात उभा आहे. शिवाय 60 मीटरहून लांब कोठाराचे अवशेष आणि कबुतरखाना. धान्य किती येत असेल हे त्या कोठाराच्या लांबीवरूनच कळतं. माहितीफलक फारसे नाहीत, आजूबाजूची जमीन खासगी आहे, तेव्हा पायवाट सोडून आत शिरू नका. सकाळी किंवा संध्याकाळी जा. ऊन तिरकं पडलं की जमिनीवरचे वरंबे-चर सावलीने उठून दिसतात, दुपारी तिथे नुसतं कुरण दिसतं.

मग कुठे?

गाडी नसेल तर प्रश्न जवळजवळ सुटलाच. टिंटर्नला चेपस्टोपर्यंत रेल्वे आणि पुढे बस आहे, मार्गमलाही पोर्ट टॅलबॉट स्थानक जवळ. स्ट्राटा फ्लोरिडाच्या नावाचं रेल्वे स्थानक एकेकाळी होतं, पण ती लाइनच 1960 च्या दशकात बंद झाली. आता अबरिस्टविथहून गाडीने जाणंच सोयीचं. लहान मुलं किंवा वयस्क आईवडील बरोबर असतील तर मी टिंटर्न आणि मेगर मार्श सुचवीन : दोन्ही सपाट, दोन्हीकडे थोडं चालून बरंच काही दिसतं. कार्डिफमध्ये राहत असाल आणि एकच रविवार हातात असेल तर मार्गम आणि मंकनॅश.

पण गाडी आहे, दोन दिवस आहेत आणि पावसाची भीती नाही, तर स्ट्राटा फ्लोरिडाला जा. पहिल्या दिवशी मठ, मनाख्लोग वौर आणि उगमतळी. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉर्स कॅरन, आणि मग अबरआर्थ. तिथल्या गोट्यांच्या किनाऱ्यावर दगडांच्या कमानदार रांगा समुद्राच्या दिशेने गेलेल्या दिसतात. भरतीबरोबर मासे आत येत, ओहोटीला पाणी भिंतीतून निघून जाई आणि मासे मागे अडकत. त्या बघायच्या तर ओहोटीचं वेळापत्रक आदल्या रात्रीच पाहून ठेवा आणि पाणी पूर्ण उतरण्याच्या तासभर आधी किनाऱ्यावर पोहोचा. भिंती एकेक करून वर येताना दिसतात.