स्टेपर मोटर, २४ व्होल्ट आणि एक छोटा पंखा: काही महिन्यांच्या वापरानंतर

मोटर तापते, ही तक्रार मी आता मनावर घेत नाही. नेमा १७ या प्रमाणित मापाची, प्रति फेज (कॉइलच्या प्रत्येक गटाला) दीड अँपिअरची स्टेपर, म्हणजे ठरावीक छोट्या टप्प्यांनी (स्टेपनी) फिरणारी मोटर, माझ्या थ्रीडी प्रिंटरवर रोज तासन्‌तास चालते. स्टेपर जागच्या जागी उभी असली तरी कॉइलमधून करंट वाहतच असतो, त्यामुळे ती तापणारच. आतलं इन्सुलेशन साधारणपणे बी श्रेणीचं, म्हणजे १३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारं असतं. वरून हात टेकवत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते मोटर धरणाऱ्या ब्रॅकेटसाठी: पीएलएचा (थ्रीडी प्रिंटिंगच्या नेहमीच्या प्लॅस्टिकचा) असेल तर ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो. माझा ॲल्युमिनियमचा आहे, तो उष्णताही ओढून घेतो.

खरा फरक पडला तो सप्लाय १२ वरून २४ व्होल्टवर नेल्यावर. लेबलवर जेमतेम ३ व्होल्ट लिहिलेले असताना २४ कशाला, असं वाटेल. पण चॉपर ड्रायव्हर, म्हणजे व्होल्टेज झपाट्याने चालू-बंद करत मोटर चालवणारी चिप, करंट ठरलेल्या मर्यादेतच ठेवतो. जास्तीचा व्होल्टेज लागतो तो कॉइलच्या इंडक्टन्सवर (करंटमधल्या बदलाला होणाऱ्या विरोधावर) मात करायला. वेग वाढला की प्रत्येक स्टेपला मिळणारा वेळ घटतो आणि १२ व्होल्टवर तेवढ्यात करंट पुरता चढत नाही. टॉर्क (फिरवण्याची ताकद) पडतो, स्टेप सुटतात. आता तेच काम त्याच वेगात बिनघोर होतं.

करंट मात्र मी ८० टक्क्यांवरच ठेवलाय. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती ६४ टक्क्यांवर येते, ताकद पुरून उरते. उभं असतानाचा करंट निम्मा केला, तर उष्णता पावच.

माझ्या मते थंड ठेवायची वस्तू मोटर नसून ड्रायव्हर आहे. माझा टीएमसी२२०९ हा ड्रायव्हर फार तापला की स्वतःला बंद करतो, मोटरची पकड सुटते आणि छापलेला थर सरकतो. दोष मात्र मोटरच्या माथी! चिपची बरीचशी उष्णता खालच्या पॅडमधून बोर्डात उतरते, त्यामुळे नुसता वर चिकटवलेला हीटसिंक अपुरा. बोर्डावरून वारा जाईल असा छोटा पंखा बसवला, आणि थर सरकणं थांबलं. आवाज नको म्हणून हा ड्रायव्हर घ्यायचा आणि वर पंख्याची घरघर ऐकायची, ही गंमत आहेच.

ड्रायव्हरच्या सप्लाय पिनांजवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. आणि सप्लाय चालू असताना मोटरचा कनेक्टर कधी काढू नका; ड्रायव्हर जळायला तेवढं निमित्त पुरतं.