रेशन दुकान: माल बरा, माणूस चांगला, मशीनचं सांगता येत नाही

या महिन्यात आत्यांचा अंगठा दुकानातल्या मशीनवर तिसऱ्या खेपेला उठला, म्हणून आज रिव्ह्यू लिहायला बसले. गेल्या वर्षी लिहिला असता तर एक ताराही दिला नसता.

दुकान सोलापुरात, पूर्व भागात, आमच्या घरापासून दोन बोळ सोडून. नाव लिहीत नाही. पाटीवरसुद्धा नावापेक्षा नंबरच मोठा आहे. कागदावर ‘रास्त भाव दुकान’, आम्ही रेशनच म्हणतो. लग्न होऊन एकवीस वर्षं झाली, तेव्हापासून पिशव्या घेऊन जातेय. आमचं कार्ड केशरी, त्यावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का. नावं पाच: आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, मिस्टर, मी, मुलगी आणि दीर. माणशी पाच किलो, म्हणजे पंचवीस किलो. पिवळ्या अंत्योदय कार्डाला माणसं कितीही असोत, घराला पस्तीस.

आधी मालाचं. गहू बरा येतो. खडे निघतात, पण निवडून दळला की चपाती मऊ होते. तांदूळ जाडा, इडलीला आणि खिचडीला छान, पाहुणे आल्यावर काढण्यातला नाही. त्यात अधूनमधून पिवळट, गुळगुळीत दाणे दिसायचे. भिजवले की ते वर तरंगायचे. आमच्या बोळात वर्षभर बायका ते दाणे वेचून टाकत होत्या, ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ म्हणून. आत्यांनी तर वाटीभर साठवून ठेवले होते, कुणी साहेब आला तर दाखवायला. मुलीने शेवटी पोत्यावरचं वाचून दाखवलं. तो पोषणयुक्त तांदूळ होता. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 घालून दाणे बनवायचे आणि शंभर दाण्यांत एक या हिशोबाने मिसळायचे. म्हणजे आम्ही औषध निवडून उकिरड्यावर टाकत होतो. एवढी साधी गोष्ट दुकानात पाटी लावून मराठीत सांगायला काय झालं होतं, कळत नाही.

ज्वारीचं दुःख मात्र वेगळं. आमचा जिल्हा भाकरी खाणारा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं, आणि रेशनला आम्हाला तांदूळ. मध्ये काही महिने गव्हाऐवजी ज्वारी आली होती, पण ती हायब्रीड. थापताना कडेला चिरा जायच्या. आत्यांनी पहिली भाकरी तव्यावरून उतरवून माझ्याकडे बघितलं, जणू मीच पेरली होती.

किंमत: शून्य. जानेवारी 2023 पासून धान्य फुकट आहे. त्याआधी गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो होता. आमचे दहा किलो गव्हाचे वीस आणि पंधरा किलो तांदळाचे पंचेचाळीस, एकूण पासष्ट रुपये. फुकट झाल्याने महिन्याला ते पासष्ट वाचले. पण त्याआधी कोरोनाच्या काळात नेहमीच्या पाच किलोवर आणखी पाच किलो फुकट मिळायचं. ते डिसेंबर 2022 ला बंद झालं. बाहेर लोक म्हणतात, यांना सगळं फुकट झालं. आमच्या घरात पन्नास किलोचं पंचवीस झालं, तेवढं कुणी मोजत नाही. शिवाय 2022 च्या दिवाळीला शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल मिळालं होतं. तो शिधा आवडला. शंकरपाळ्या त्याच्याच केल्या.

आता मशीन. 2018 च्या सुमारास दुकानात अंगठ्याचं पॉस मशीन आलं. त्याआधीचे दिवस ज्यांनी बघितलेत त्यांनाच त्याची किंमत कळेल. तेव्हा दुकान आताचे दुकानदार अण्णा यांच्या थोरल्या भावाकडे होतं. ‘माल आला नाही, पुढच्या आठवड्यात या’ हे वाक्य मला तोंडपाठ होतं. वहीत आमच्या नावापुढे आमच्या न झालेल्या सह्या असायच्या. वारलेल्या माणसांच्या नावावर गहू उचलला जायचा. मशीन आल्यावर हे सगळं जवळजवळ थांबलं. अंगठा लावला की पावती निघते, त्यावर नाव, माल, किलो सगळं छापलेलं. मी पावत्या डब्यात ठेवते. या एका गोष्टीसाठी मशीनला पूर्ण एक तारा.

पण त्या मशीनला आत्यांचा अंगठा दिसत नाही. चाळीस वर्षं विड्या वळल्यात त्यांनी. पान कापायचं, तंबाखू भरायचा, अंगठा आणि बोटाने वळायचं आणि टोक दुमडायचं, दिवसाला हजार-हजार वेळा. अंगठा असा झालाय की आतल्या बाजूने चमकतो, नाण्यासारखा. ठसे राहिलेच नाहीत. अण्णा बिचारे त्यांचा हात धरून काचेवर दाबतात, ओल्या फडक्याने पुसतात, दहाही बोटं करून बघतात.

‘‘उठंना की ओ आत्या.’’

‘‘मी उठून आले की इथवर. आता अंगठ्याला काय बसकण लागली?’’

रांगेतले सगळे हसतात. इतके दिवस आम्हीही हसत होतो, कारण घरातल्या कुणाही एकाचा अंगठा चालायचा. माझा लावला की सगळ्यांचं धान्य निघायचं. मग ई-केवायसी आलं, आणि कार्डावरच्या प्रत्येकाने स्वतःचा अंगठा देऊन आपण आहोत हे सिद्ध करायचं ठरलं. मुदत संपली, वाढली, पुन्हा वाढली. आमच्यातल्या चौघांचं झालं. आत्यांचं होईना. नव्या मशीनला डोळे बघायचा कॅमेरा आहे, पण त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. घरी बसून चेहरा दाखवायचं अ‍ॅप मुलीने घेतलं. त्यात पापण्या मिटायला सांगतात. आत्या मिटायच्या ते मिटूनच बसायच्या, देवापुढे बसल्यासारख्या.

मग एका महिन्यात पावतीवर त्यांचे पाच किलो आलेच नाहीत. दुसऱ्या महिन्यातही नाहीत. मी तीन दिवस हिंडले: एक दिवस रेशनच्या ऑफिसात, तिथून आधार केंद्रावर, तिथे टोकन संपलेलं म्हणून पुन्हा दुसऱ्या दिवशी. ठसे नवीन घ्यायला सव्वाशे रुपये, रिक्षाचे जाऊन-येऊन एकशे साठ, आणि माझं शिवणकाम तीन दिवस बंद, म्हणजे सहा ब्लाउज गेले. लग्नसराई होती, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं ते गेलंच. दहा किलो धान्यासाठी हा खर्च. जुना दुकानदार चोर होता, पण त्याच्याशी भांडता यायचं. एकदा मी आणि शेजारच्या चार बायका दारात बसलो होतो, संध्याकाळपर्यंत गहू काढला त्याने. आता भांडायचं कुणाशी? अण्णा म्हणतात मशीन घेत नाही, ऑफिसातले म्हणतात वरून आहे, आणि वरचा सर्व्हर दुपारी बारानंतर बंद असतो.

ऑफिसातल्या बाईंनी मात्र नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं. त्यांच्या टेबलापुढे एक तरुण जोडपं होतं, बाळाचं नाव चढवायला आलेलं. त्यांना सांगितलं, इष्टांक संपलाय. इष्टांक म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं ती ठरलेली संख्या. महाराष्ट्राची 7 कोटी 16 हजार, आणि ती अजून 2011 च्या जनगणनेवर. उत्पन्नाची अटही तशीच, शहरात वर्षाला 59 हजार. ती 2013 च्या शासन निर्णयातली. महिन्याला पाच हजारसुद्धा होत नाहीत. एवढ्यात सोलापुरात घरभाडं आणि गॅस भागवून कोण जगतं, ते त्या आकड्यालाच विचारायला पाहिजे. बाळ बिचारं आईच्या पदराशी खेळत होतं.

चांगलंही सांगते, नाहीतर रिव्ह्यू एकांगी होईल. माझा दीर पुण्यात हडपसरला असतो. तो घरपोच सामान देणाऱ्या अ‍ॅपचा टी-शर्ट घालून गाडी पळवतो. पूर्वी बाहेरगावी गेलेल्याचं धान्य म्हणजे देवावर सोडायचं. आता ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे तो त्याचे पाच किलो हडपसरच्या दुकानात अंगठा लावून उचलतो आणि आमचे वीस इकडे राहतात. एकाच कार्डाचं धान्य दोन गावांत निघतं, ही माझ्या मते या सगळ्या कारभारातली सगळ्यात हुशार गोष्ट आहे. पूर्ण तारा.

फक्त त्याने सांगितलेलं डोक्यातून जात नाही. तो दहा मिनिटांत बाराव्या मजल्यावर दूध, आंबे, मांजराचं खाणं नेऊन देतो. दार उघडतं, हात बाहेर येतो, पिशवी आत जाते. पुष्कळदा तोंडसुद्धा दिसत नाही. आणि स्वतःचे पाच किलो घ्यायला तोच अर्धा दिवस गाडी बंद ठेवून रांगेत उभा राहतो, सर्व्हर येईपर्यंत. मुलगी बी.ए.ला अर्थशास्त्र शिकते. तिने पॅरिसच्या वर्ल्ड इनिक्वॅलिटी लॅबच्या 2024 च्या अभ्यासातला आकडा वाचून दाखवला: 2022-23 मध्ये देशातली 40.1 टक्के संपत्ती वरच्या एक टक्का लोकांकडे होती. आत्या विडीचं पान कापत होत्या. म्हणाल्या, ‘‘असंना का. त्यांचं केवायसी झालंय का विचार.’’

अण्णांबद्दल. माणूस चांगला. उधारीचा प्रश्नच नाही, पण म्हाताऱ्यांना खुर्ची देतो, पोतं उचलून रिक्षात ठेवतो. त्यांनी एकदा मला हिशोब सांगितला. कमिशन क्विंटलमागे दीडशे रुपये होतं, ते 2025 मध्ये 170 झालं, म्हणजे किलोला एक रुपया सत्तर पैसे. महिन्याला सव्वाशे क्विंटल वाटले की साडेएकवीस हजारांच्या आत. त्यात भाडं, लाईट, हमाल, मापाला एक पोरगा. कमिशन येतं तेही दोन-तीन महिन्यांनी. ‘‘मग परवडतं कसं अण्णा?’’ विचारलं तर काट्याकडे बघून हसले.

ते हसणं मला कळलं, कारण मशीन आणि काटा वेगवेगळे आहेत. मशीनला अंगठा कुणाचा ते कळतं, पिशवीत किती पडलं ते कळत नाही. पावतीवर आठ किलो गहू आणि बारा किलो तांदूळ, घरी तोलला तर तांदूळ साडेअकरा. नेहमी नाही, पण होतं. अण्णा म्हणतात पोत्यातच घट येते, गोदामातूनच कमी येतं. येतही असेल. म्हणून एक तारा कापला, आणि अर्धा आत्यांच्या दोन महिन्यांचा. ते दहा किलो काही परत मिळाले नाहीत.

बाकी साडेतीन तारे. जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत जा, पहिल्या आठवड्यात नको. आधारला मोबाइल जोडलेला असू द्या. घरात म्हातारं माणूस असेल तर आदल्या रात्री अंगठ्याला खोबरेल लावून सकाळी कोमट पाण्याने धुवा. आमचं तसंच उठलं.

मुलीने ऑनलाइन दोनशे रुपयांचा हुकाचा काटा मागवलाय, बॅगा तोलायचा. मागच्या खेपेला मी काही न बोलता पिशवी त्याला लटकवली. अण्णांनी आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं, मापाच्या पोराला म्हणाले, ‘‘टाक रे अजून दोन ओंजळी.’’