रोहू-कटल्याला काय टोचायचं, ग्रंथी की तयार इंजेक्शन?

यंदा पहिल्यांदाच स्वतःचं मत्स्यबीज काढायचं म्हणत असाल तर आधी हे बघा, तळ्यातली रोहूची मादी अंड्यांनी टम्म फुगते पण अंडी टाकत नाही, कारण नदीचा पूर नसला की मेंदूकडून ऑर्डरच सुटत नाही आणि ती ऑर्डर आपल्याला सुईने द्यावी लागते.

जुना मार्ग म्हणजे ग्रंथीचा अर्क. 10 जुलै 1957 ला ओडिशात अंगुलला शास्त्रज्ञ हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांनी असंच कार्पचं (रोहू-कटल्याच्या गटातल्या माशांचं) ब्रीडिंग जमवलं, राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस म्हणूनच 10 जुलैला असतो. दुसऱ्या माशाच्या डोक्यातून पियुषिका (मेंदूखालची छोटी ग्रंथी, पिट्युटरी) काढायची, अल्कोहोलमध्ये ठेवायची, ऐनवेळी घोटून गाळून टोचायची. मादीला किलोला 2-3 मिलिग्रॅम, सहा तासांनी परत 5-8, नराला त्या दुसऱ्या वेळी एकदाच. म्हणजे मादी दोनदा जाळ्यात आणि आपली रात्रीची झोप गेली. वर ज्या माशाची ग्रंथी घेतली तो नीट पिकलेला होता की नाही हे बाटलीवर लिहिलेलं नसतं, त्यामुळे कधी डोस कमी पडतो कधी जास्त.

ओव्हाप्रिमसारख्या तयार इंजेक्शनचं गणित वेगळं. माशाच्या मेंदूत डोपामाईन ब्रेक दाबून बसलेलं असतं, तो ब्रेक डोम्पेरिडोन सोडवतं (हो हो, आपण उलटीवर घेतो तेच) आणि सॅल्मनच्या मेंदूतल्या हार्मोनची नक्कल अॅक्सिलरेटर देते, मग माशाची स्वतःचीच पियुषिका कामाला लागते. एकच टोचणी, नर-मादी एकदमच. रोहू मादीला किलोला 0.3-0.4 मिली, कटल्याला थोडं जास्त, नराला 0.1-0.2. 10 मिलीच्या बाटलीत अंदाजे 20 किलो माद्या आणि तेवढेच नर होतात. बाटलीचे पैसे एकदम जातात खरे, पण वाया गेलेल्या ब्रूडरच्या (बीजासाठी पाळलेल्या नर-माद्यांच्या) मानाने काहीच नाही.

माझं मत विचाराल तर नवख्याने सरळ इंजेक्शन घ्यावं. ग्रंथीचा मार्ग हात बसलेल्या माणसाचा, आणि ज्याला मच्छी मार्केटात ताज्या पिकलेल्या माशांची डोकी रोज मिळतात त्याचा.

फक्त एक, कच्च्या मादीवर दोन्ही फुकट. पोट मऊ, गुदद्वार गुलाबी सुजलेलं, नराचा छातीचा पर खरखरीत आणि पोट दाबलं की पांढरं दूध (वीर्य) यायला हवं. नसेल तर त्या दिवशी बाटली फोडूच नका.