ॲमस्टरडॅममध्ये आठजणांसाठी कालव्याकाठचं घर मिळतंय? पैसे भरण्याआधी वाचा

नाताळच्या सुट्टीत ॲमस्टरडॅमला जायचं ठरलं की आठजणांच्या ग्रुपमध्ये पहिला घोळ राहण्याचा होतो. हॉटेलात चार खोल्या घ्यायच्या तर आकडा परवडत नाही. मग कोणीतरी एक लिंक टाकतं. योर्दान भागात, कालव्याला लागून, चार बेडरूमचं जुनं घर, आठजणांची सोय, चार रात्रींचे 1,600 युरो. माणशी 200 युरो, म्हणजे युरो शंभर रुपयांना धरला तरी वीस हजार. सगळे लगेच "चालेल" म्हणतात, एकजण कार्डावरून पैसे भरतो आणि बाकीचे त्याला जीपे करतात. जाहिरात खरी आहे का, हे आठांपैकी एकानेही पाहिलेलं नसतं, कारण दुसऱ्याने पाहिलं असणार असं प्रत्येकाला वाटतं. भामटे मोठे ग्रुप हेरतात ते यासाठीच.

जाहिरातीतलं घर बहुतेक वेळा खरंच असतं. फोटो खरे, रस्ता खरा, खिडकीतून दिसणारा कालवाही खरा. फक्त ते घर भाड्याने द्यायचं नसतं, आणि तिथे राहणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं.

यातली सगळ्यात मोठी खूण कागदपत्रांत नाही, "आठजणांची सोय" या दोन शब्दांत आहे. ॲमस्टरडॅममध्ये राहतं घर पर्यटकांना द्यायचं तर महापालिकेचा परवाना आणि नोंदणी क्रमांक लागतो. वर्षाला ठरावीक रात्रीच आणि एका वेळी चारच माणसं, असा नियम आहे. हाउसबोटीलाही तोच. त्यामुळे मित्रांच्या आठजणांच्या ग्रुपला खाजगी घर देणारा माणूस एकतर नियम मोडतोय किंवा त्याच्याकडे घरच नाही. पहिल्या प्रकारातही तुम्हीच अडकता: महापालिकेची माणसं तपासणीला आली तर भर थंडीत घर सोडायची वेळ येऊ शकते. मोठ्या ग्रुपने सरळ हॉटेल किंवा होस्टेलच्या खोल्या घ्याव्यात. शहरात महाग वाटलं तर हार्लेम पाहा. ट्रेनने वीस मिनिटांच्या आत ॲमस्टरडॅम, आणि गावही जुनं, देखणं.

चारजणच असाल आणि घरच हवं असेल, तर नोंदणी क्रमांकापासून सुरुवात करा. 2021 पासून तो जाहिरातीत लिहिणं बंधनकारक आहे. ॲमस्टरडॅमचा क्रमांक 0363 ने सुरू होतो, आणि पुढे अक्षरं-आकडे मिळून एकूण वीस खुणा असतात. पण क्रमांक दिसला म्हणून थांबू नका. दुसऱ्याच्या जाहिरातीतला क्रमांक उचलून चिकटवतात. तो जसाच्या तसा सर्च करा. त्याच क्रमांकावर वेगळ्या फोटोंचं वेगळं घर निघालं, तर विषय तिथेच संपवा.

नंतर पत्ता. बुकिंग साइट पैसे भरेपर्यंत नेमका पत्ता दाखवत नाहीत, ते रीतीला धरून आहे. मात्र मालक साइटबाहेर पैसे मागत असेल, तर आधी पूर्ण पत्ता मागाच. डच पोस्टकोड चार आकडे आणि दोन अक्षरांचा असतो. जुन्या शहराचे कोड 1011 ते 1018 च्या दरम्यान येतात. पोस्टकोड आणि घरक्रमांक मिळाला की डच भूमिअभिलेख खात्याचा, म्हणजे कादास्टरचा, बीएजी व्ह्यूअर, म्हणजे इमारतींच्या नोंदींचा ऑनलाइन नकाशा, उघडा. फुकट आहे, लॉगिन लागत नाही. घराचं क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष आणि वापर कशासाठी आहे ते दिसतं. जाहिरातीत चार बेडरूम आणि 140 चौरस मीटर, नोंदीत 52 चौरस मीटर, असं निघालं तर आणखी पुरावा कशाला हवा? समोरचा स्वतःला एजन्सी म्हणवत असेल तर आठ आकडी केव्हीके क्रमांक मागा. तो डच व्यापार नोंदणी कार्यालयाच्या साइटवर कोणालाही तपासता येतो.

आता पैसे कसे काढून घेतात ते. सुरुवात खऱ्या साइटवरच्या चॅटने होते. दोन-तीन मेसेज झाले की मालक व्हॉट्सॲपवर बोलावतो. कारण ठरलेलं: साइटचं कमिशन वाचेल, तुम्हाला दहा टक्के कमी करून देतो. मग लिंक येते. पान हुबेहूब त्या साइटसारखं, तोच लोगो, तेच रंग, कोपऱ्यात मदतीची चॅट खिडकीही. इथे पत्त्याची पट्टी वाचायला शिका. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या (/) लगेच आधी जे नाव असतं, ते साइटच्या खऱ्या मालकाचं. ओळखीच्या कंपनीचं नाव त्याच्या डावीकडे कितीही वेळा लिहिता येतं, त्याला काही किंमत नाही.

कार्डाने भरताना ओटीपीचा मेसेज घाईत वाचू नका. त्यात रक्कम आणि व्यापाऱ्याचं नाव येतं. बुकिंग साइटऐवजी भलतंच नाव दिसलं तर ओटीपी टाकू नका. तो तुम्ही स्वतः टाकला की बँकेच्या लेखी व्यवहार तुमच्या संमतीने झालेला असतो, आणि पुढचं भांडण अवघड होतं. बरेचदा पहिलं पेमेंट "फेल झालं" असं सांगून पुन्हा भरायला लावतात. आधी खात्यातून किती गेले ते पाहा.

बँक ट्रान्सफर त्याहून वाईट. भारतातून स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून, गेलेले पैसे समोरच्या खात्यात जमा झाले, की त्याच्या संमतीशिवाय परत येणं जवळजवळ अशक्य. युरोपात राहणाऱ्या मित्राला "तू इथूनच भर" म्हणतात, तेव्हा पैसे दहा सेकंदांत पोचतात. ऑक्टोबर 2025 पासून युरो देशांतल्या बँका खात्याचं नाव जुळतं का ते दाखवतात. "नाव जुळत नाही" असा इशारा आला आणि मालक म्हणाला "ते माझ्या अकाउंटंटचं खातं", तर तिथेच थांबा. डच खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक, एनएल (NL) ने सुरू होतो आणि अक्षरं-आकडे मिळून अठरा खुणांचा असतो, हेही लक्षात असू द्या.

विश्वास बसावा म्हणून मालक स्वतःच्या पासपोर्टचा फोटो पाठवतो. तो फोटो आधी फसलेल्या एखाद्या प्रवाशाचा असू शकतो. बदल्यात तुम्ही आठांचे पासपोर्ट पाठवले, तर पुढच्या शिकारीला तुमचेच दाखवले जातील. प्रत द्यायचीच वेळ आली तर तिच्यावर आडवं मोठ्या अक्षरांत लिहा: कोणासाठी, कशासाठी, कोणत्या तारखेला. भारतातून जाणाऱ्यांना आणखी एक धोका आहे. शेंगेन व्हिसाला राहण्याचा पुरावा लागतो, त्या घाईत मिळेल ते बुकिंग करून टाकतात आणि खोटी पावती अर्जाला जोडली जाते. व्हिसासाठी रद्द करता येणारं हॉटेल बुकिंग घ्या.

ॲन फ्रँक हाउसच्या तिकिटांबद्दल थोडक्यात. ती फक्त संग्रहालयाच्या स्वतःच्या साइटवर मिळतात. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखा खुल्या होतात. दारात विक्री नाही. "ॲन फ्रँक टूर" म्हणून जे विकलं जातं, त्यात बरेचदा आसपासच्या गल्ल्यांतून चालणं असतं, घरात प्रवेश नसतो. पैसे भरण्याआधी ते नीट वाचा. स्किपॉल विमानतळाच्या आत कोणी "टॅक्सी?" विचारत आला तर त्याच्यामागे जाऊ नका, अधिकृत रांग बाहेर आहे. डच टॅक्सीची नंबरप्लेट निळी असते. खरं तर टॅक्सी लागतच नाही, स्टेशन विमानतळाच्या खालीच आहे आणि मुख्य स्टेशन पंधरा-वीस मिनिटांवर.

आणि दारात पोचल्यावर कळलं तर? डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, अंगावर पाऊस, आठ बॅगा, आणि बेलच्या पाटीवर मालकाने सांगितलेलं नाव नाही. आधी कुठेतरी खोल्या घेऊन निवाऱ्याला जा. मग त्याच रात्री बँकेला फोन करून कार्ड बंद करा आणि "सेवा मिळाली नाही" या कारणाने रीतसर वाद नोंदवा. जाहिरातीचे स्क्रीनशॉट वेबपत्त्यासकट घ्या, व्हॉट्सॲपचं चॅट एक्सपोर्ट करा. समोरचा लवकरच सगळं पुसून टाकतो. पैसे भारतातल्या खात्यातून गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. परदेशातून तो लागला नाही तर घरच्यांना करायला सांगा. ॲमस्टरडॅम पोलिसांसाठी 0900-8844, तक्रारीला तिथे "आंगिफ्ते" म्हणतात, तिची प्रत घ्या. ज्याच्या दारात उभे राहिलात त्यालाही जाहिरात दाखवा आणि स्क्रीनशॉट द्या. आपल्या घराचे फोटो काढून टाकायची मागणी तोही साइटकडे करू शकतो, आणि पुढच्या आठवड्यात त्याच दारात दुसरा ग्रुप बॅगा घेऊन यायचा असू शकतो.