पाच जागा आणि चार रकाने: एका हंगामपूर्व अंकातले ओहायो स्टेटचे डिफेन्सिव्ह बॅक

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि त्याच्या दोन-अडीच महिने आधीच दुकानांतील मासिकांच्या फडताळावर हंगामपूर्व अंक दिसू लागतात. त्यांपैकी एक जाडजूड वार्षिक अंक मी गेली काही वर्षे नियमाने विकत घेत आलो आहे. २०२५ च्या हंगामाआधी लिहिलेले, त्या वर्षीच्या अंकाचे हे परीक्षण मुद्दाम एकाच संघाच्या आणि त्यातही एकाच फळीच्या मजकुरापुरते ठेवले आहे. तो संघ म्हणजे ओहायो स्टेट आणि ती फळी म्हणजे डिफेन्सिव्ह बॅक, अर्थात प्रतिस्पर्ध्याचे पास अडवण्यासाठी मागे उभे राहणारे खेळाडू. वरच्या गटातील १३६ संघ एका अंकात बसवणाऱ्या संपादकाकडून प्रत्येक पानावर सखोल मजकुराची अपेक्षा करता येत नाही, हे मान्य आहे. तरीही शितावरून भाताची परीक्षा होते. अंकाचे नाव मी देत नाही, कारण माझी तक्रार एका अंकापेक्षा अशा अंकांच्या ठरून गेलेल्या साच्याबद्दल अधिक आहे.

हेच प्रकरण निवडण्यामागे कारण आहे. २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटा येथे नोत्र दामला ३४-२३ असे हरवून ओहायो स्टेटने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, आणि त्या हंगामात सामन्यामागे सरासरी १२.९ गुण देणारा त्यांचा बचाव देशात पहिला होता. त्यानंतर लेथन रॅन्सम, डेन्झेल बर्क आणि जॉर्डन हॅनकॉक हे मागच्या फळीतील तिघेही व्यावसायिक संघांकडे गेले. रॅन्समची निवड ड्राफ्टच्या चौथ्या फेरीत झाली, उरलेल्या दोघांची पाचव्या. म्हणजे अनुभवी पाच जणांपैकी केलेब डाउन्स आणि डेव्हिसन इग्बिनोसुन हे दोघेच उरले. अशा वेळी वाचकाला अंकाकडून एकच गोष्ट हवी असते: रिकाम्या झालेल्या तीन जागा नेमक्या कोणत्या आणि तिथे कोण उभे राहणार.

डाउन्सबद्दलचा मजकूर या प्रकरणातला सर्वांत चांगला भाग आहे. २०२३ मध्ये अलाबामा संघाकडून पहिल्याच वर्षी त्याने १०७ टॅकल केले (म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडले), जानेवारी २०२४ मध्ये तिथले मुख्य प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाल्यावर तो कोलंबसला, म्हणजे ओहायो स्टेटकडे आला आणि त्याच वर्षी इंडियानाविरुद्ध पंट, म्हणजे समोरच्यांनी लाथेने लांब उडवलेला चेंडू, झेलून ७९ यार्ड धावत त्याने टचडाउन केले, हा तपशील कुठेही मिळतो. अंकाने त्यापुढे जाऊन एक पाऊल टाकले आहे. डाउन्स हा मैदानाच्या खोल भागात एकटा उभा राहू शकतो, स्नॅपच्या, म्हणजे डाव सुरू होण्याच्या, ऐन क्षणी पुढे सरकून धाव रोखू शकतो आणि गरज पडल्यास आतल्या बाजूच्या रिसीव्हरलाही (पास झेलायला धावणाऱ्या खेळाडूलाही) अंगावर घेऊ शकतो. त्यामुळे त्याच्या भोवतालच्या चौघांची मांडणी बदलण्याची मुभा प्रशिक्षकाला मिळते, हे तिथे नेमक्या चार ओळींत सांगितले आहे. सबंध प्रकरण याच तोलाने लिहिले असते, तर हे परीक्षण येथेच संपले असते.

पुढच्या पानावरील तक्ता पाहिला आणि निराशा झाली. तक्त्यात चार रकाने आहेत: कॉर्नर, कॉर्नर, सेफ्टी, सेफ्टी. कॉर्नर म्हणजे कडेच्या रिसीव्हरसमोरचा बॅक, सेफ्टी म्हणजे मधल्या भागात सर्वांत मागे उभा राहणारा. ही मांडणी जुन्या काळातली आहे. आज बहुतेक कॉलेज संघ तीन-तीन, चार-चार रिसीव्हर मैदानात पसरवून खेळतात आणि त्यांना तोंड देण्यासाठी एक लाइनबॅकर (पुढच्या आणि मागच्या फळीच्या मधला खेळाडू) बाहेर काढून पाचवा डिफेन्सिव्ह बॅक आत घेतला जातो. त्या जागेला पाच सेंटच्या नाण्यावरून ‘निकल’ म्हणतात, आणि सहावा आला की दहा सेंटच्या नाण्यावरून ‘डाइम’. ओहायो स्टेटचा तर मूळ आराखडाच पुढच्या फळीत चार लाइनमन, दोन लाइनबॅकर आणि पाच बॅक असा राहिला आहे. म्हणजे निकल हा अडीअडचणीला बोलावला जाणारा पाहुणा नसून घरचाच माणूस आहे. गेल्या वर्षी हे काम प्रामुख्याने हॅनकॉकने केले. अंकाने मात्र गेलेल्या खेळाडूंच्या यादीत त्याची नोंद नुसती कॉर्नर म्हणून केली आहे आणि त्याच्या जागेसाठी रकानाच ठेवलेला नाही.

या एका चुकीतून पुढच्या किती चुका निघतात, हे लॉरेन्झो स्टाइल्स ज्युनिअर या नावावरून दिसते. नोत्र दाममध्ये रिसीव्हर म्हणून खेळलेला हा खेळाडू ओहायो स्टेटला आल्यावर बचावात वळला, आणि वसंतातील सरावापासून निकलच्या जागेसाठी त्याचे नाव घेतले जात आहे. अंकात तो राखीव कॉर्नरांच्या यादीत, अगदी तळाशी, बारीक टाइपात सापडतो. त्याचा धाकटा भाऊ सनी स्टाइल्स २०२४ मध्ये सेफ्टीवरून लाइनबॅकर झाला, ही गोष्ट लाइनबॅकरांच्या पानावर आहे. पण सेफ्टीसारखा धावणारा लाइनबॅकर समोर असला की मागच्या पाच जणांवरचा भार किती हलका होतो, हा धागा दोन्ही पानांवर कुणी जोडलेला नाही.

दुसरी त्रुटी दोन कॉर्नरांबाबत आहे आणि ती अधिक सूक्ष्म आहे. फुटबॉलचे मैदान १६० फूट रुंद असते. प्रत्येक डाव जिथून सुरू होतो त्या हॅश मार्क नावाच्या खुणा कॉलेजच्या मैदानावर एकमेकींपासून ४० फूट अंतरावर असतात, व्यावसायिक मैदानावर केवळ साडेअठरा फूट. याचा परिणाम कागदावर रेघ मारून पाहावा. चेंडू डाव्या हॅशवर असेल, तर डावीकडे ६० फूट जागा उरते आणि उजवीकडे तब्बल १००. अरुंद बाजूच्या कॉर्नरला बाजूरेषेचा आधार मिळतो, त्यामुळे तो रिसीव्हरला अंगाने दाबून धरू शकतो. मात्र त्याच्या मदतीला सेफ्टी क्वचितच येतो आणि धाव अडवायला त्यालाच पुढे जावे लागते. रुंद बाजूच्या कॉर्नरला मोकळ्या रानात धावायचे असते, पण त्याच्याकडे येणारा पास हवेत अधिक काळ राहतो आणि त्याला चेंडूवर झेपावण्याची संधी मिळते. अनेक कॉलेज संघ याच कारणाने डावा-उजवा असा भेद न करता रुंद बाजूचा आणि अरुंद बाजूचा असे दोन वेगळे कॉर्नर ठेवतात. कबड्डीचा कोणताही प्रशिक्षक ‘दोन कोपरे आणि दोन कव्हर’ एवढेच लिहून संघ जाहीर करणार नाही. कोणता कोपरा कुणाचा, हे तो आधी सांगेल. या अंकाने इग्बिनोसुन आणि जर्मेन मॅथ्यूज ज्युनिअर यांची नावे एकाखाली एक छापली आहेत आणि कोण कोणत्या बाजूला शोभेल याबद्दल चकार शब्द काढलेला नाही.

आकड्यांच्या रकान्यांविषयीही थोडे सांगायला हवे, कारण अंकाचा सगळा भर तिथेच आहे. प्रत्येक नावापुढे टॅकल आणि इंटरसेप्शन (समोरच्यांचा पास मध्येच झेलणे) दिलेले आहेत. कॉर्नरच्या बाबतीत हे दोन्ही आकडे दिशाभूल करू शकतात. ज्याच्या बाजूला पास टाकणारा क्वार्टरबॅक चेंडू फेकायलाच धजत नाही, त्याच्या नावावर इंटरसेप्शन कुठून येणार? आणि कॉर्नरचे टॅकल वाढलेले दिसले, तर त्याच्यासमोर झेल वाढले असण्याचीही शक्यता असते. त्याच्याकडे किती पास फेकले गेले आणि त्यांतले किती पूर्ण झाले, हे दोन आकडे शेजारी असल्याशिवाय पहिल्या दोन आकड्यांना फारसा अर्थ नाही. इग्बिनोसुनबाबत तर आणखी एक आकडा हवा होता, तो म्हणजे दंडांचा. गेल्या हंगामात रिसीव्हरला धरल्याबद्दल किंवा अडथळा आणल्याबद्दल त्याच्यावर वारंवार पंचांचा पिवळा रुमाल पडला. कॉलेजच्या नियमांत पास अडवताना झालेल्या अशा गुन्ह्याची शिक्षा जास्तीत जास्त १५ यार्ड असते, तर व्यावसायिक खेळात अडथळा आणल्याबद्दल चेंडू थेट गुन्ह्याच्या जागी नेऊन ठेवतात. म्हणून चाळीस यार्डांचा पास सुटताना दिसला, तर रिसीव्हरला अडथळा आणून १५ यार्डांचा फटका सोसणे हा कॉलेजच्या कॉर्नरसाठी कधीकधी शहाणपणाचा सौदाही ठरतो. त्याचे किती दंड असे हिशेबी होते आणि किती नुसत्या उतावळेपणाचे, याचा विचार करणारा एखादा परिच्छेद मी आनंदाने वाचला असता.

अंकाची पद्धत तपासण्यासाठी मी गेल्या वर्षीचा अंक मांडीवर घेऊन ऑरेगनविरुद्धचे दोन्ही सामने पुन्हा पाहिले. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी यूजीन येथे ओहायो स्टेट ३१-३२ असे हरले आणि त्या संध्याकाळी लांबच्या पासांवर बर्कची बाजू अनेकदा उघडी पडली. त्याच ऑरेगनला १ जानेवारी २०२५ रोजी रोझ बोलमध्ये ओहायो स्टेटने ४१-२१ असे हरवले आणि एका टप्प्यावर फलक ३४-० असा होता. अंकातला तक्ता दोन्ही सामन्यांना तोच लागू पडतो, कारण मागच्या फळीतली प्रमुख नावे तीच होती. फरक पडला तो कोण कुठून निघाला, कुणाला मदत मिळाली आणि समोरच्या फळीने क्वार्टरबॅकला विचार करायला किती वेळ दिला, यात. ज्या तक्त्यातून हा फरक दिसूच शकत नाही, त्या तक्त्याला दोन पानांपैकी सव्वा पान देणे मला उधळपट्टी वाटते.

प्रशिक्षकांविषयीच्या मजकुरातही प्रमाण बिघडले आहे. बचावाचे सूत्रधार जिम नोल्स पेन स्टेटला गेले आणि त्यांच्या जागी मॅट पॅट्रिशिया आले, ही २०२५ च्या सुरुवातीची मोठी घडामोड आहे. अंकाने पॅट्रिशिया यांची न्यू इंग्लंडमधील वर्षे आणि डेट्रॉइटमधील मुख्य प्रशिक्षकपद यांवर भरपूर शाई खर्च केली आहे. पण तिथल्या सवयी कॉलेजच्या रुंद हॅशवर कशा उतरतील, निकल धरून तीन सेफ्टींचा खेळ टिकेल की दोनांवर येईल, हा प्रश्न उपस्थितही केलेला नाही. कॉर्नरांना रोज घडवणारे टिम वॉल्टन कायम आहेत, ही सूत्रधार बदललेल्या फळीसाठी सर्वांत दिलासा देणारी बाब. तिची दखल फक्त प्रशिक्षकांच्या यादीतील एका ओळीत आहे. तसेच २०२४ पासून बचावातील एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोहोचू शकतो आणि घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. त्यानंतर समोरची मांडणी बदलली, तर मागच्या चौघांना कोण ओरडून सांगणार, हे नव्या फळीत फार महत्त्वाचे आहे. त्यावरही अंक गप्प आहे.

चांगल्या बाजूही सांगणे न्याय्य ठरेल. ह्यूस्टनहून आलेल्या डेव्हिन सँचेझ या नवोदित कॉर्नरविषयीचे टिपण संयमित आहे. शाळकरी वयात मिळालेल्या पाच ताऱ्यांच्या मानांकनावरून त्याला थेट मैदानात उतरवण्याची घाई त्यात नाही. जेलेन मॅक्लेनला डाउन्सच्या जोडीचा सेफ्टी म्हणून पुढे ठेवण्याचा अंदाज पटण्यासारखा आहे. वेळापत्रकाच्या चौकटीत प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा क्वार्टरबॅक नवा की जुना हे एका खुणेने दाखवले आहे. ही छोटी सोय मला फार आवडली, कारण ३० ऑगस्टला टेक्सास, १ नोव्हेंबरला पेन स्टेट आणि २९ नोव्हेंबरला मिशिगन या तीन ठिकाणी मागच्या फळीची कसोटी लागणार, हे त्यावरून एका नजरेत कळते. कागद आणि छपाई उत्तम. अंकासोबत मिळणारी मोबाइल आवृत्ती मात्र वापरण्याजोगी नाही. तक्ता पडद्यावर मावत नाही आणि मोठा करून पाहिला की नावांचा रकाना बाहेर निघून जातो.

देशभरातील संघांची तोंडओळख हवी असणाऱ्याने अंक जरूर घ्यावा. एकाच संघाचा बचाव बारकाईने पाहणाऱ्याने मात्र डाउन्सचे पान आणि वेळापत्रकाची चौकट यांसाठीच पैसे मोजतो आहोत, हे समजून घ्यावे. मी माझ्या प्रतीतल्या तक्त्यावर पेन्सिलने काट मारून समासात पाच चौकटी काढल्या आहेत: रुंद बाजू, अरुंद बाजू, निकल आणि दोन सेफ्टी. चार चौकटींत नावे लिहून झाली आहेत. निकलच्या चौकटीत स्टाइल्सच्या नावापुढे प्रश्नचिन्ह आहे, आणि टेक्सासने पहिल्यांदा तीन रिसीव्हर एका बाजूला उभे केले की ते खोडायचे की ठेवायचे, ते ठरेल.