नोकिया १०५ – बाबांसाठी घेतला, मस्त फोन
ठाण्यात गोखले रोडवरच्या दुकानातून बाबांसाठी नोकिया १०५ घेतला, २०२३ वालं मॉडेल, आणि खरंच सांगते बाबा जाम खूश आहेत! बटणं मोठी, नोटिफिकेशनची कटकट नाही, वायरलेस एफएम आहे म्हणजे हेडफोन न लावताच रेडिओ चालू, तलावपाळीला फिरताना खिशात गाणी वाजत असतात. बॅटरी १००० एमएएचचीच पण स्क्रीन एवढीशी, त्यामुळे रोज चार्जर शोधावा लागत नाही, शिवाय बॅटरी काढून बदलता येते, आजकाल कुठे मिळतं हे? यूपीआय १२३पे पण आहे, इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात. फक्त घेताना बघा, हा २जी फोन आहे, जिओचं सिम नाही चालणार, एअरटेल किंवा व्हीआयचं टाका.