वॉरंटीचा कागद आणि तेलातला बेल्ट
फोंड्यातील एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे पाहिलेल्या पेट्रोल गाडीचे रंग, सीट, टायर सारे उत्तम होते; पण तिच्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट (झडपांची उघडझाप वेळेवर राखणारा पट्टा) तेलात फिरणारा असल्याने, तो झिजला की त्याचे कण तेलपंपाच्या जाळीत अडकतात आणि तेलाचा दाब घटून इंजिन जाम होऊ शकते, ही धास्ती मनात होती. तेलाचे झाकण काढून टॉर्च मारला, तर बेल्टवर बारीक भेगा स्पष्ट दिसल्या. ‘वॉरंटी आहे’ असे ठामपणे सांगण्यात आले. मात्र पहिल्या विक्रीपासून मोजली जाणारी कंपनीची वॉरंटी केव्हाच संपली होती, आणि दुकानाच्या सहा महिन्यांच्या कागदात बेल्ट ‘झिजणारा भाग’ म्हणून वगळला होता. हे आधी सांगायला हवे होते. वागणूक सौजन्याची होती, तरी आम्ही गाडी घेतली नाही.